सोळा माणसं, एक आवाज

गमरे सरांना कुठलीही गोष्ट उजेडासमोर धरून बघायची सवय होती. शर्ट, औषधाची बाटली, मुलांचे पेपर, काहीही. आमच्याकडे ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझी पोळी दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडे केली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, डाव्या कडेला जाड आहे." मी ओमानमधल्या सोहारच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायची. चुका काढणं हा माझा धंदा. माझ्याच घरात, माझ्याच पोळीत दुसऱ्या कोणी चूक काढावी हे मला मुळीच आवडलं नाही. पण माझा नवरा पोट धरून हसला, सरांनी ती पोळी चवीनं खाल्ली, वर आणखी दोन मागून घेतल्या, तेव्हा मी राग गिळला.

ही खोड नोकरीनं लावलेली. सोहार बंदराजवळच्या एका कारखान्यात ते वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. पाइपाला पाइप जोडला की त्या जोडाचा एक्स-रे काढतात. ती फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवायची, आत कुठे भेग किंवा पोकळी राहिली आहे का ते बघायचं आणि खाली सही करायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं, त्यातली अठरा ओमानमध्ये. मूर्ती लहान, अंगानं काटक. शर्टच्या खिशात दोन पेनं आणि एक पिवळा मार्कर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पायात कारखान्याचे जाडजूड बूट. गाडी चालवताना रेडिओ बंद, बोलणं बंद. "एका वेळी एक काम," असं म्हणायचे आणि हायवेवर मागचे सगळे हॉर्न शांतपणे ऐकून घ्यायचे.

त्यांचं खरं काम मात्र शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, असे. शुक्रवारी सकाळी आठ वाजता सोहारजवळ सहमला हुसेनभाई परकारांच्या गोदामात आम्ही सोळाजण गायला जमायचो. हुसेनभाई दाभोळचे. सहममध्ये त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं. आमचा वृंद सुरू झाला तो भीमजयंतीच्या कार्यक्रमातून. सरांनी तिथं आठ-दहा जणांचा कोरस बसवला होता. स्टेजसाठी प्लायवूड घेऊन आलेले हुसेनभाई सामान उतरवून झाल्यावरही गेले नाहीत, मागे उभे राहून गुणगुणत राहिले. सरांनी त्यांना हाताला धरून ओळीत उभं केलं. पुढच्या आठवड्यापासून गोदाम आमचं झालं. एका बाजूला सिमेंटच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे पाइप, मधे आम्ही. साडेदहाला खलास, कारण हुसेनभाईंना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असे. त्या वेळेत सरांनी सात वर्षांत एक मिनिटाचाही फरक केला नाही.

शिकवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते पेटी वाजवत आणि डोळे मिटून ऐकत. गाणं संपलं की उठत आणि ज्याचा आवाज बाकीच्यांतून वेगळा निघाला असेल त्याच्या पायापुढे जमिनीवर पिवळ्या मार्करनं 'आर-वन' लिहीत. आर म्हणजे रिपेअर. पुन्हा तसंच झालं तर 'आर-टू'. तिसऱ्यांदा झालं तर तो माणूस कट. म्हणजे त्या दिवसापुरतं खाली बसून नुसतं ऐकायचं. वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज पत्र्यासारखा झालेला. पहिले दोन महिने मी गोण्यांवर बसूनच काढले. तिसऱ्यांदा कट झाले तेव्हा मी चिडून विचारलं, "सर, माझा सूर चुकला का?"

"नाही."

"ताल?"

"नाही हो मॅडम. तुम्ही ऐकू येता."

हाच गुन्हा. संगीतात परीक्षा दिलेल्या एक बाई मस्कतहून एकदा आमच्यात आल्या. गळा खरोखर सुंदर होता. त्यांना पहिल्याच दिवशी आर-टू मिळाला. त्या पुन्हा आल्या नाहीत आणि सरांना त्याचं काही वाटलंही नाही. "चांगलं गातात बाई. पण त्यांना एकटीचं स्टेज पाहिजे, आपल्याकडे ते नाही," एवढंच म्हणाले. ते स्वतः लहानपणी दापोलीकडच्या त्यांच्या गावातल्या गायन पार्टीत कोरसला बसत. मुख्य गायक पुढे, पेटीवाला बाजूला आणि हे मागच्या सतरंजीवर. लोक गायकाला हार घालत, यांना चहा मिळे. एका कार्यक्रमात गायकाचा घसा बसला आणि मागच्या पाचजणांनी सगळं गाणं शेवटपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी गावात कोणालाच सांगता येईना की गायलं कोण. ही गोष्ट सर एखाद्या पराक्रमासारखी सांगत.

त्यांच्या कारखान्यातली एक गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी सांगितली. एका मोठ्या कामाचा शेवटचा टप्पा होता, सगळे साहेब घाईला आलेले आणि एका जोडाच्या फिल्ममध्ये सरांना बारीकशी रेघ दिसली. मॅनेजर म्हणाला, कॅमेऱ्याचा दोष असेल, सही करा. सर म्हणाले, "पेन माझ्याकडे आहे साहेब, पण हात उठत नाही." जोड कापावा लागला, काम दोन दिवस थांबलं आणि सरांची रवानगी तीन वर्षांसाठी यार्डातल्या उघड्या शेडमध्ये झाली. ओमानचा उन्हाळा आणि डोक्यावर पत्रा. मी एकदा त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "उजेड चांगला होता तिथं." यात कडवटपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि अशा माणसाशी संसार करणं किती अवघड असेल या विचारानं मला वहिनींची दया आली.

आता मुख्य गोष्ट सांगते. हुसेनभाईंचे अर्बाब, म्हणजे तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांचं दुकान ज्यांच्या नावावर होतं ते ओमानी मालक, सईद. म्हातारे, गोरे, कायम हसतमुख. त्यांचं बालपण पूर्व आफ्रिकेत गेलेलं, त्यामुळे रागावले की अरबी सोडून स्वाहिलीत जायचे. एका शुक्रवारी ते गोदामात आले, सिमेंटच्या गोणीवर बसून अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले, "सदीक, दोस्त, तुम इधर सिमेंट के बीच में किसके लिए गाता है? मेरा बहन का फॅमिली नायवाशा में है, केनिया. उधर हर साल बहुत लोग गाने को आता है. तुम जाओ. मैं बात करेगा. यल्ला, चलो."

आम्ही हसण्यावारी नेलं. पण महिन्याभरात खरंच एक फॉर्म आला. सरांची साठी जवळ आली होती. मार्चमध्ये नोकरी संपणार, व्हिसा संपणार आणि ते दापोलीला जाणार. सोहारच्या हॉलपलीकडे आमचा वृंद कधी कुठे गायला नव्हता, आणि सर गेल्यावर तो राहणारही नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जे काय गायचं ते आत्ताच. सरांनी सोळाजणांच्या सोळा फाइली केल्या. रजा, कंपनीचं पत्र, आफ्रिकेत जायला लागणारी पिवळ्या तापाची लस, सगळ्यांवर टिकमार्क. हुसेनभाईंच्या आईच्या तोंडची लग्नातली तीन गाणी त्यांनी फोनवरून उतरवून घेतली आणि कार्यक्रमात शेवटी ठेवली. हुसेनभाईंनी ही बातमी सहमपासून खाबुऱ्यापर्यंत कोणाला सांगायची शिल्लक ठेवली नाही.

फॉर्म भरताना सरांनी मला फोन केला. मी पेपर तपासत होते.

"मॅडम, इथं चार रकाने आहेत. एस, ए, टी, बी. प्रत्येकात आकडा लिहायचाय. हे काय असावं?"

"उभं राहायच्या ओळी असतील, सर. सोळा भागिले चार. लिहा चार-चार."

"खात्री आहे?"

"भागाकाराची तरी आहे."

ते हसले. त्यांनी चार वेळा चार लिहिलं आणि खाली सही केली. आमच्यातल्या कोणालाच ती अक्षरं माहीत नव्हती. आमचं समूहगान म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची. दुसरं काही असतं हे आमच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

दुबईत विमान बदलून नैरोबी आणि तिथून बसनं दोन तास. नायवाशाला उतरलो तेव्हा थंडीनं दात वाजायला लागले. ओमानमध्ये राहून आम्ही स्वेटर नावाची वस्तूच विसरलो होतो. समोर मोठं तळं, काठावर पिवळ्या खोडांची झाडं, लांबवर लोंगोनोट नावाचा ज्वालामुखी, वरचा काठ कोणीतरी दातानं तोडल्यासारखा. सूर्य मावळला की पाणघोडे गवतावर येतात, खोल्यांबाहेर पडू नये, अशी पाटी होती. सरांनी ज्वालामुखीकडे बराच वेळ बघितलं आणि तिथल्या ड्रायव्हरला इंग्रजीत विचारलं, "याची शेवटची तपासणी कधी झाली?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला जिराफ आणि झेब्रे बघायला नेलं. तिथं जमिनीतली वाफ वीज करायला नेणारे मोठमोठे पाइप डोंगरातून जातात. आम्ही जिराफांचे फोटो काढत होतो आणि सर रस्त्याकडेला उकिडवे बसून पाइपाचे जोड बघत होते. "बरं काम आहे," असं दोनदा म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दुपारी तालीम होती. आमच्या आधी किसुमूहून आलेला एक वृंद उभा राहिला. त्यांनी तोंड उघडलं आणि आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वरच्या आवाजाच्या बायका एक गात होत्या, खालच्या आवाजाच्या दुसरं, पुरुषांच्या दोन तुकड्या आणखी तिसरं आणि चौथं, तेही सगळं एकाच वेळी, आणि तरी ते एकमेकांत बसत होतं. मला वाटलं, किती सुंदर. सरांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

हे सगळं संमेलन सांभाळणाऱ्या ग्रेसबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सरांनी त्यांना एस-ए-टी-बी म्हणजे काय ते विचारलं. बाईंनी चारही आवाज, बायकांचे वरचा आणि खालचा, पुरुषांचे वरचा आणि खालचा, नीट समजावून सांगितले आणि वर कौतुक केलं, तुमचा फॉर्म इतका छान होता, चारही बाजू अगदी सारख्या. मुख्य कार्यक्रमात चार आवाजांचेच वृंद घेतो. एकच जागा उरली होती, ती तुम्हाला दिली. इथल्याच गावातल्या शिक्षकांचाही एक वृंद होता, पण त्यांच्यात पुरुष कमी पडत होते, म्हणून या वर्षी त्यांना नाही म्हणावं लागलं.

चहाच्या वेळी सरांनी आम्हाला तळ्याकाठी बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मी बाईंना सांगणार आहे. त्या मास्तर लोकांची जागा आपण घेतलीय."

हुसेनभाई ताडकन उठले. "सर, तुमी गप ऱ्हावा. कोनाला काय ठाव हाय? आठ दिस दुकान बंद करून आलोय मी. आयेला सांगलंय, तुजी गानी आफ्रिकेत गानार म्हणून. ती रोज फोनवर इचारतेय."

"मला माहीत आहे, हुसेनभाई."

"मग?"

"मग काय? फॉर्म खोटा आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, उद्या गाऊन टाकू, मग सांगा. मी म्हणाले, "सर, चार ओळी करून उभे राहू. लांबून कोणाला कळणार?" हे बोलताना ते चार-चार माझ्याच डोक्यातून आलं होतं हे मला पुरतं आठवत होतं. सरांनाही आठवत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना म्हणाले, "सही माझी आहे." माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही आणि नंतरही नाही. मीही सांगितलं नाही. नंतर सांगीन असं म्हणत राहिले, आणि आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे. मला त्याची लाज वाटते.

त्यांच्याबरोबर ग्रेसबाईंकडे मी गेले, तेवढं मात्र केलं. बाईंनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

"न वाचता सही केली," सर म्हणाले. "ती दुरुस्त करायला आलोय."

त्यांनी फॉर्म मागून घेतला. चारही आकड्यांवर सरळ रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'सोळा माणसं, एक आवाज'. बाईंनी तो कागद बघितला आणि फोन उचलून त्या शिक्षकांना निरोप दिला. आम्हाला म्हणाल्या, कार्यक्रम आता मिनिटामिनिटाचा ठरला आहे, पुढच्या वर्षी मात्र पाहुणे म्हणून जरूर या, वेगळी वेळ ठेवीन. सरांनी आभार मानले. पुढचं वर्ष आमच्याकडे नव्हतं हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही.

रविवारी आम्ही प्रेक्षकांत बसलो. तेरा-चौदा शिक्षक हिरवे स्वेटर घालून आले, घाईत, एकाच्या बुटाला चिखल तसाच. वाईट गायले असते तर आम्हाला जरा बरं वाटलं असतं, पण ते झकास गायले. सर पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. हुसेनभाई तळ्याकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळी त्यांच्या आईचा फोन आला तेव्हा ते खोलीच्या मागे गेले आणि काय बोलले ते आम्हाला कळलं नाही.

मार्चमध्ये सर गेले तेव्हा माझ्या शाळेच्या परीक्षा होत्या, मी मस्कतला विमानतळावर जाऊ शकले नाही. नायवाशाहून आल्यावर रजा, आजारपणं, पाहुणे यांत दोन शुक्रवार जेमतेम जमले. म्हणून सर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती परतीची बस येते.

सोमवारची सकाळ. बस दरीतून वर चढत होती, खिडकीतून लोंगोनोट दिसत होता आणि आत सोळा माणसांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सर ड्रायव्हरच्या मागे एकटे बसले होते. अर्ध्या-पाऊण तासानं ते उठले, वरचा दांडा धरून आमच्याकडे वळले.

"तुम्हाला गायला मिळालं नाही, ते माझ्यामुळं," ते म्हणाले. "जे केलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. पण त्यानं तुमचं वाईट वाटणं कमी होत नाही. मला माफ करा."

त्यांनी दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"आता मी गातो. साथ देऊ नका. नुसतं ऐका."

आणि त्यांनी हुसेनभाईंच्या आईचं गाणं सुरू केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सात वर्षांत आम्ही कोणीच सरांना एकटं गाताना ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता, थोडा खरखरीत. बस वळली की दम तुटायचा. ध्रुवपद कसंबसं झालं. कडव्यात चाल वर जाते तिथं आवाज फाटला. ते थांबले, परत त्या ओळीवर आले, परत फाटला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. त्या माणसानं आम्हाला सात वर्षं तपासलं होतं, आणि आता तो सगळ्यांसमोर उघडा उभा होता, ते जाणूनबुजून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिसऱ्यांदा ते त्या ओळीवर आले.

शेवटच्या सीटवरून हुसेनभाई म्हणाले, "सर, वरचा सूर तुमचा नाय. सोडा त्यो. आमी घेतो."

आणि त्यांनी बसल्या जागेवरून तो घेतला. त्यांच्यामागून दोघांनी, मग सगळ्यांनी. सर दांडा धरून तसेच उभे होते, गात नव्हते.

"उबे काय ऱ्हायलांव?" हुसेनभाई दोन ओळींच्या मधे ओरडले. "हितं या."

सर सीटांना धरत धरत, डुलत मागे गेले. मी मान वळवून बघितलं. हुसेनभाईंनी सरकून जागा केली होती, सर त्यांच्या शेजारी बसून आमच्याबरोबर गात होते आणि हुसेनभाई सरांच्या गुडघ्यावर ताल धरत होते.